हिंदुकुशातला पाहुणा

"बाई, रागावू नका, पण हे दोघं भाऊ एकमेकांच्या घरात झोपलेत," रासने म्हणाले आणि त्यांनी माझ्या कागदावर पेन्सिलीचं टोक ठेवलं.

मी 'रात्र' या शब्दाची नोंद वाचत होते. लिथुएनियन भाषेतला शब्द मी लॅटव्हियनच्या रकान्यात लिहिला होता आणि लॅटव्हियन लिथुएनियनच्या. टायपिस्ट तोंडावर हात ठेवून हसला. आमचे संपादक डॉ. चांदोरकर मात्र मोकळेपणी हसले.

"खांबेटेबाई, एम.ए.ला जर्मनमध्ये तुम्ही पहिल्या आलात ना? आणि चूक कोण काढतंय, तर आमचे मॅट्रिक!"

"मॅट्रिकचा काय संबंध सर," रासने ओशाळून म्हणाले. "पंचवीस वर्षं परदेशी टपाल लावलं मी मुंबईला. लॅटव्हियातल्या रीगाची पाकिटं हातावरून गेलेली. ध्यानात राहतंय आपलं."

ही गोष्ट एक्याऐंशी सालची. सांगलीला विश्रामबागेत एका ट्रस्टच्या इमारतीत वरच्या मजल्यावर आमचं कोशाचं काम चाले. युरोपातल्या भाषांतले छोटे छोटे शब्द घ्यायचे. ते कुठून निघाले, कोणत्या देशात जाऊन त्यांचं काय झालं आणि आपल्याकडे त्यांचं कोण नात्यात लागतं, हे मराठीत लिहायचं. दर शनिवारी ज्याने नोंद लिहिली त्याने ती उभं राहून वाचायची आणि बाकीच्यांनी तिचे लचके तोडायचे. मी सत्तावीस वर्षांची होते, हुशार होते, आणि हुशार आहे हे मला जरा जास्तच माहीत होतं. त्या शनिवारी माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या त्या झोंबल्याच.

दशरथ रासने तासगावचे. बायको गेल्यावर मुंबईची नोकरी मुदतीआधी सोडून मुलीसाठी गावी आले होते. कोशात त्यांना घेतलं ते चिठ्ठ्या अकारविल्हे लावायला. पण पाकिटांवरचे पत्ते वाचता वाचता या माणसाने फुटपाथवरच्या जुन्या शब्दकोशांतून सात भाषा शिकून घेतल्या होत्या. उच्चार भयंकर, पण वाचायला पक्के. वर्षभरात सरांनी त्यांना चिठ्ठ्या तपासायला बसवलं.

आमच्याकडे प्रत्येक माहितीची वेगळी चिठ्ठी असे. शब्द, अर्थ, पुस्तकाचं नाव, पान. खाली डावीकडे लिहिणाऱ्याची सही, उजवीकडे तपासणाऱ्याची. नियम एकच होता: तपासणाऱ्याने ते पुस्तक स्वतः उघडून ते पान डोळ्यांनी पाहिल्याशिवाय उजवी सही करायची नाही. रासने या नियमाला देवासारखं मानत. एका उजव्या सहीसाठी ते एसटीने कोल्हापूरला जाऊन आल्याचं मी पाहिलं आहे.

त्या दिवाळीत सरांनी आम्हा दोघांना बोलावलं. मार्चनंतर अनुदान निम्मं होणार होतं. दोघांतला एकच राहणार होता, आणि जो राहील तो सहसंपादक होणार होता, छापील कोशावर त्याचं नाव येणार होतं.

"जानेवारीत जर्मनीहून प्राध्यापिका लिंडनर येतायत," सर म्हणाले. "त्यांच्यासमोर दोघांनी एकेक नोंद वाचा. मग बघू."

बाहेर आल्यावर रासने मला म्हणाले, "बाई, तुम्हाला कुठंबी मिळंल. कॉलेजात मिळंल. मला आता कोण घेतंय?" यात काही कावा नव्हता. खरं तेच ते बोलत होते. पण मला वाटलं, हा माणूस मला आत्तापासूनच दार दाखवतोय.

त्यांनी आपला शब्द घेतला 'गास्ट'. जर्मनमध्ये गास्ट म्हणजे पाहुणा. इंग्रजीत तोच गेस्ट. रशियनमध्ये गोस्त्य. मागे गेलं तर गॉथिक भाषेत गास्ट्स, म्हणजे परका माणूस. आणि लॅटिनमध्ये याच घरातला होस्टिस, तो आधी नुसता परका होता, पुढे शत्रू झाला. त्याच्याच चुलत घराण्यातून हॉस्पिटल आणि हॉटेल निघाले. फ्रेंचांनी तर कमाल केली. यजमान आणि पाहुणा, दोघांना एकच शब्द ठेवला.

"बघा की बाई," रासने मला उत्साहाने सांगत. "दारात एकच माणूस आलाय. कुणी पाट मांडला, कुणी भाला उचलला."

"आणि आपल्याकडे?"

"तिथंच तर घोडं पेंड खातंय. संस्कृतात खात्रीचं कायबी मिळत नाही. सगळ्या युरोपभर हिंडला, आणि आपल्या दारात आला नाही, असं कसं? कुठं तरी असणार हो. एखाद्या बोलीत, डोंगरात."

एवढं त्यांनी बोलायला नको होतं. काय हवंय ते त्यांनी स्वतःच्या तोंडाने मला सांगितलं.

नोव्हेंबरात मी एक चिठ्ठी लिहिली. शब्द: गष्ट. अर्थ: वाटसरू, घरी उतरलेला परका. भाषा: हिंदुकुशातल्या एका खोऱ्यातली बोली. पुस्तक: एका जर्मन लष्करी डॉक्टरचं प्रवासवर्णन, लायप्झिग, १८९३. पान दोनशे चौदा. पुस्तक खरं होतं, त्याचं नाव मी दुसऱ्या एका पुस्तकाच्या संदर्भसूचीतून उचललं होतं. शब्द मी बनवला होता. डावीकडे माझी सही केली आणि चिठ्ठी त्यांच्या ट्रेमध्ये टाकली.

गंमत म्हणून केलं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. गंमत नव्हती ती. मला त्यांना सगळ्यांसमोर तोंडघशी पाडायचं होतं.

अर्ध्या तासात ते माझ्या टेबलाशी आले. चिठ्ठी दोन्ही हातांत धरली होती.

"बाई, हे तुम्ही स्वतः पाह्यलं?"

"पाहिलं म्हणजे काय? पुण्याला, दिवाळीत. एका गृहस्थांकडे जुन्या पुस्तकांचा संग्रह आहे."

"पान दोनशे चौदा?"

"दोनशे चौदा. खालून तिसरी ओळ."

ही खालून तिसरी ओळ मला कुठून सुचली कोण जाणे. पण तिच्यामुळेच त्यांचा विश्वास बसला, ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

"मला बघाय मिळंल का? रविवारी जाऊन येतो की पुण्याला."

"ते मुलाकडे बडोद्याला गेलेत. घराला कुलूप आहे. उन्हाळ्यात येतील."

ते तिथेच उभे राहिले. उन्हाळ्यात म्हणजे मार्चनंतर. मग हळूच म्हणाले, "शब्दाचं रूप जरा खटकतंय हो मला. असं व्हायला नको खरं म्हंजे. पण छापलंय म्हंता, तर मग असंलच. पुस्तकापुढं आपण कोण?"

दोन दिवस चिठ्ठी त्यांच्या टेबलावर काचेखाली होती. तिसऱ्या दिवशी त्यांनी उजवीकडे सही केली. 'द. रा.' पुस्तक न उघडता केलेली त्यांची ती पहिली सही. दुसऱ्या दिवशी त्यांनी घरून बेदाण्यांची पुडी आणली आणि मला म्हणाले, "शालननं पाठवलेत. माझी लेक. तिला सांगितलं, एका बाईनं माझा पाहुणा शोधून दिला म्हणून."

मी बेदाणे खाल्ले. चांगले होते.

जानेवारीपर्यंत दोन महिने होते. कुठल्याही दिवशी मी सांगू शकत होते. रोज ते माझ्यासमोर बसून नोंद पुन्हा पुन्हा लिहीत होते आणि मला रोज मनातून आनंद होत होता, हे मी लपवत नाही. एखाद्याच्या पायाखालची फळी आपण सैल केली आहे आणि तो तिच्यावर उभा राहून आपल्याला नमस्कार करतो आहे, यात एक वाईट चव असते. मला ती लागली होती.

लिंडनरबाई आल्या तो सोमवार होता. सत्तरीच्या, बारीक, पांढऱ्या केसांच्या. खालच्या सभागृहात ट्रस्टी, कॉलेजातले प्राध्यापक, असे तीसेक लोक जमले. माझी नोंद आधी झाली. टाळ्या पडल्या, बेताच्या.

मग रासने उठले. नवा कोट घातला होता, बाहीवर शिंप्याचा खडू तसाच होता. सुरुवातीचं अर्धं पान त्यांनी जर्मनमध्ये वाचलं. उच्चार ऐकून मागे कुणी तरी फिस्सकन हसलं, पण लिंडनरबाई पुढे सरकून बसल्या. गास्ट, गेस्ट, गोस्त्य, होस्टिस. एकेका शब्दाला ते गावातला माणूस ओळखीचा करून द्यावा तसे उभे करत गेले. शेवटी आवाज चढवून म्हणाले, "आणि हा पाहुणा आपल्या बाजूलाबी आलेला हाय. हिंदुकुशाच्या खोऱ्यात त्याला गष्ट म्हणतात!"

लिंडनरबाई काही विचारणार, एवढ्यात सर म्हणाले, "रासने, ज्या पुस्तकातून हा शब्द घेतलात, ते तुम्ही पाहिलंत?"

"नाही सर."

"मग चिठ्ठीवर उजवी सही कुणाची?"

"माझी."

सरांनी खुर्चीखालून कापडी पिशवी उचलली. तिच्यातून एक तांबड्या पाठीचं जुनं पुस्तक काढलं आणि टेबलावर ठेवलं.

"हेच ना ते? लायप्झिग, त्र्याण्णव. काढा पान दोनशे चौदा."

रासन्यांनी पुस्तक उघडलं. पानं उलटली, मग एकेक करून उलटली, मग शेवटाकडून उलटली. "सर, हे एकशे नव्वदला संपतंय."

"शब्दांची यादी कुठे आहे?"

"शेवटी. चार पानं हायत."

"वाचा."

"सर?"

"मोठ्याने वाचा. कदाचित पान चुकलं असेल. शब्द असेल."

आणि रासने वाचू लागले. पाणी, दगड, शेळी, जावई, बर्फ. उभ्याने, तीस लोकांसमोर, हिंदुकुशातले शब्द आणि त्यांचे जर्मन अर्थ. पहिल्या पानावर आशा होती. दुसऱ्या पानाला कपाळावर घाम आला. पुढच्या रांगेतले ट्रस्टी घड्याळ बघायला लागले. तिसऱ्या पानाला लिंडनरबाई जर्मनमध्ये म्हणाल्या, "पुरे करा, कृपा करून."

"नाही, त्यांची खात्री होऊ द्या," सर शांतपणे म्हणाले.

रासन्यांनी चौथं पान शेवटच्या शब्दापर्यंत वाचलं. मग पुस्तक मिटून दोन्ही हातांनी सरांपुढे ठेवलं.

"चिठ्ठी मुळात लिहिली कुणी?" एका ट्रस्टींनी विचारलं.

सगळे माझ्याकडे वळले नाहीत, कारण कुणाला माहीत नव्हतं. रासने वळले. त्यांनी नुसतं बघितलं. मी तेवढ्यात उठले, त्यांनी काही म्हणायच्या आत.

"मी लिहिली होती, सर. ऐकीव टिपण होतं ते, कच्चं. म्हणूनच तपासायला रासन्यांकडे दिलं. तपासून सही त्यांनीच केली."

रासन्यांनी एकदा तोंड उघडलं. मग म्हणाले, "बाई म्हणतात ते बरोबर आहे. तपासायचं काम माझं होतं."

संध्याकाळी सरांनी मला खोलीत बोलावलं. पुस्तक टेबलावरच होतं.

"बसा. पहिल्या एप्रिलपासून तुम्ही सहसंपादक."

मी आभार मानले. मग राहवलं नाही म्हणून विचारलं, "सर, हे पुस्तक तुमच्याकडे कधीपासून आहे?"

"वीस वर्षं. ती चिठ्ठी मी नोव्हेंबरातच पाहिली होती, रासन्यांच्या काचेखाली. घरी जाऊन पुस्तक काढलं."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

सर हसले. "ट्रस्टींना कोशावर मॅट्रिकचं नाव नको होतं. आणि त्या माणसाच्या कामात मला चार वर्षांत एक खोट सापडली नाही. तुम्ही ती पुरवलीत. सुंठीवाचून खोकला गेला." मग चष्मा पुसत म्हणाले, "तो शब्द कुणी बनवला हे मी विचारणार नाही. मला ठाऊक आहे, हे तुम्हाला ठाऊक असलं म्हणजे झालं. चिठ्ठी माझ्याकडे राहील."

त्यानंतर आठ वर्षं मी त्यांच्या हाताखाली काम केलं. माझ्या नोंदी त्यांनी आपल्या नावावर छापल्या, त्यांच्या चुका मी माझ्या अंगावर घेतल्या. एकदाही वर तोंड करून बोलले नाही. पण माझं रडगाणं गायला मी ही गोष्ट सांगत नाही.

रासन्यांनी मार्चची वाट बघितली नाही. 'गास्ट'चं काम माझ्याकडे आलं होतं, म्हणून फक्त चार्ज द्यायला ते तीन दिवस आले. चिठ्ठ्यांचा खोका उघडून एकेक चिठ्ठी मला समजावून देत होते.

"ही गॉथिकची, पक्की. ही लॅटिनची, पक्की. ही रशियनची एकदा बघून घ्या, माझ्या पुस्तकाचं पान फाटकं होतं."

मला वाटत होतं, यांनी मला शिव्या द्याव्यात. भवाने, सटवे, काहीही म्हणावं. त्यांनी दोऱ्याने खोका बांधला, माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, "एक विचारू? रागावू नका."

"विचारा."

"घरी बसून लई विचार केला मी. सरांचं पुस्तक एकशे नव्वद पानांचं. तुम्ही पाह्यलं दोनशे चौदा. खालून तिसरी ओळ. म्हंजे तुम्ही पाह्यली ती दुसरी आवृत्ती असणार. वाढीव. असं होतंय हो जर्मन पुस्तकांचं. त्या दिवशी तुम्ही घाबरून ऐकीव म्हणालात, ते समजतंय मला. तुमच्याबी पोटाचा प्रश्न हाय. पण पाह्यलं होतंत ना?"

खोलीत आम्ही दोघंच होतो. सर गावात नव्हते. टायपिस्ट जेवायला गेला होता. मी खरं बोलले असते तर ते कुणालाही कळलं नसतं, आणि रासने कुणाला सांगायला गेले नसते. एवढा माणूस मी चार वर्षांत ओळखला होता. पण ते माझ्याकडे इतक्या आशेने बघत होते, की मला त्यांचा संताप आला. इतकं सगळं झाल्यावरही याला मी खरीच वाटते, याचा संताप.

"हो," मी म्हणाले. "दुसरी आवृत्ती असेल."

त्यांचा चेहरा उजळला. "तरी म्हटलं! मिळवतो मी. मिळाली की सरांपुढं नेऊन ठेवतो. तुमचं नाव घेणार नाही, भिऊ नका."

पुढे मला ते कधी भेटले नाहीत.

कोश निघाला. 'गास्ट'च्या नोंदीखाली माझं नाव आहे. शेवटची ओळ तेवढी माझी आहे: भारतीय भाषांत याचं खात्रीलायक प्रतिरूप आढळत नाही.

त्र्याण्णव साली सर वारले. त्याच वर्षी उन्हाळ्यात एक बाई घरी आली. पस्तिशीची, हातात नायलॉनची पिशवी.

"मी शालन. दशरथ रासन्यांची मुलगी. बाबा गेले माघात."

मी तिला बसवलं, पाणी दिलं. तिने पिशवीतून सुतळीने बांधलेला गठ्ठा काढला. परदेशी पाकिटं होती.

"बाबा अकरा वर्षं पत्रं लिवत होते. महिन्याला एक. कुठं कुठं. त्यांच्या माघारी ही उत्तरं सापडली. आमच्याकडं कुणालाच वाचता येत नाहीत. बाबा म्हणायचे, कधी अडलं तर खांबेटेबाईंकडं जा, त्यांनीच मला वाट दाखवलीय."

मी पत्रं उघडली. लायप्झिग, व्हिएन्ना, पॅरिस, प्राग, लेनिनग्राड. सगळीकडची ग्रंथालयं. कुणी त्यांना डॉक्टर रासने म्हटलं होतं, कुणी प्राध्यापक. मी एकेक पत्र तिला मराठीत सांगत गेले, आणि दहाव्या पत्रानंतर थांबले, कारण सगळ्यांत एकच होतं. आपण विचारलेल्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती आमच्या संग्रहात नाही.

"सगळ्यांनी नाहीच म्हटलंय?" शालनने विचारलं.

"हो."

"शेवटी शेवटी त्यांना दिसत नव्हतं. मी लिवायची, ते अक्षरं सांगायचे. ए काढ, टी काढ." तिने डोळे पुसले. "सापडलं असतं तर माणसासारखं मेले असते. गावात लोक म्हणायचे, खोटं लिवलं म्हणून काढून टाकलं. बाबांनी खोटं लिवलं नव्हतं ना बाई?"

"नाही," मी म्हणाले. "त्यांनी नाही."

मी पुढे बोलेन म्हणून ती थांबली. मीही थांबले. जीभ टाळ्याला चिकटली होती असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. तसं काही नव्हतं. मी विचार केला आणि गप्प राहिले.

मग शालनने पिशवीतून एक घडी केलेला कागद काढला. "ही यादी ऱ्हायली हाय बाबांची. अजून सोळा ठिकाणं. मी म्हणते, एवढी लिवून टाकू. महिन्याला एक जमंल मला. फक्त हा पत्ता कळंना, रशियातला हाय. कसा लिवायचा?"

कझान विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा पत्ता होता. मी चष्मा लावला, कोरा कागद घेतला आणि तो तिला रशियन लिपीत, मोठ्या अक्षरांत, नीट लिहून दिला.